पिटकिन सरांचं अधिक चिन्ह

ग्लेनिसबाईंनी गाडी उलटी घेत फाटकाबाहेर काढली आणि वळणावरून उतरणाऱ्या कचऱ्याच्या लॉरीने गाडीच्या मागच्या दिव्याचा अगदी हलकेच, म्हणजे लॉरीला जमेल तितका हलकेच, मुका घेतला. दिवा गेला. लॉरीला काही घडल्याचं कळलंही नसावं. ती पुढच्या घराचा डबा उचलून, उपडा करून निघून गेली. ग्लेनिसबाई स्टिअरिंग धरून दहा मिनिटं तशाच बसून राहिल्या. मग घरात आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बर्नार्ड, मी मर्लला फोन करतेय."

बर्नार्ड पिटकिन यांच्या हातातला टोस्ट तोंडाच्या वाटेवरच थांबला.

मर्ल ही ग्लेनिसबाईंची थोरली बहीण. राहायची वर क्वीन्सलँडमध्ये, बुंदाबर्गला. तिच्या शेजारचं घर विकायला निघालं होतं आणि ते या दोघांनी घ्यावं म्हणून तिचा सहा महिने धोशा चालला होता.

"तिकडे जमीन ताटासारखी सपाट आहे," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "समोरून कुणी यायला निघालं की चहा होईपर्यंत दिसत राहतं. आणि इथे? एकतर या फाटकाचं काहीतरी कर, नाहीतर घर विकू आणि जाऊ. मला लॉरीखाली मरायचं नाही. तेही कचऱ्याच्या!"

शेवटचा मुद्दा सरांनाही पटला. पण बुंदाबर्ग नाही. टास्मानियातल्या या टर्नस्टोन बे गावात त्यांनी बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. पावाच्या दुकानात गेले तरी चार माणसं "नमस्कार, सर" म्हणून रांगेत पुढे जागा देत. मर्ल त्यांना "बर्नी" म्हणायची. उरलेलं आयुष्य बर्नी म्हणून काढायचं या विचाराने त्यांनी टोस्ट बशीत ठेवला, चष्मा पुसला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "हा प्रश्न प्रकाशशास्त्राचा आहे."

"प्रश्न लॉरीचा आहे," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"लॉरी दिसत नाही, हा प्रश्न आहे. दिसणं म्हणजे प्रकाशशास्त्र. समोर डल्सीबाईंच्या कुंपणालगत खांब रोवायचा आणि त्यावर बहिर्वक्र आरसा लावायचा. वळणापलीकडचं सगळं त्यात दिसेल."

"येत्या सोमवारपासून तीन आठवडे देते. मग घराचा दलाल येईल."

आता इथे रस्त्याबद्दल दोन शब्द. त्याचं नाव लुकआउट स्ट्रीट. नाव ठेवणारा माणूस एकतर विनोदी असावा किंवा त्याने रस्ता न बघताच नाव ठेवलं असावं. गावातल्या बाकी सगळ्या रस्त्यांवरून समुद्र दिसतो; या रस्त्यावरून पुढची दहा पावलंही दिसत नाहीत. डोंगराच्या कुशीला चिकटून तो असा काही वळतो, की माणूस आपल्याच पाठीला धडकेल की काय असं वाटावं. आणि नेमक्या त्या वळणाच्या पोटात पिटकिन सरांचं फाटक.

बातमी तासाभरात शेजारी गेली. शेजारी म्हणजे नेव्हिल ट्रास्क. धंद्याने प्लंबर, सरांचा माजी विद्यार्थी, आणि कुठल्याही खोदकामाला बोलावण्याआधी फावडं घेऊन हजर होणारा माणूस.

"आरसा ना, सर? हार्डवेअरच्या दुकानात मिळतो," तो कुंपणावर रेलून म्हणाला. "प्लास्टिकचा. फुगीर. दोन बोल्ट मारायचे, झालं काम."

"प्लास्टिक?" सरांनी तो शब्द चिमट्यात धरून लांब केला. "त्याचा पृष्ठभाग बघितलायस? त्यात माणूस दिसतो की बटाटा ते कळत नाही. आणि 'फुगीर' काय? नेव्हिल, तू माझ्या वर्गात बसायचास ना?"

"बसायचो की. खिडकीपाशी."

"मग सांग, बहिर्वक्र आरशातली प्रतिमा कशी असते?"

नेव्हिलने आकाशाकडे बघितलं. तीस वर्षांत तिथे काही लिहून आलं नव्हतं. "चमच्याची पाठ," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही चमचा आणला होतात. एवढं आठवतंय."

यावर सरांनी कुंपणावरच पाऊण तास धडा घेतला. चमच्याची पाठ म्हणजे बहिर्वक्र: वस्तू कुठेही ठेवा, प्रतिमा सुलट, लहान आणि आभासी, आरशाच्या मागे असल्यासारखी. चमच्याचं पोट म्हणजे अंतर्वक्र: नाक अगदी जवळ नेलं तर मोठं आणि सुलट, लांब गेलं की माणूस डोकं खाली पाय वर. नेव्हिलने मधे दोनदा जांभई गिळली, पण हलला नाही. सर बोलत असताना उठून जायचं नसतं, एवढं त्याला खिडकीपाशी बसूनही कळलं होतं.

सरांनी त्याच संध्याकाळी मेलबर्नच्या एका कारागिराला पत्र लिहिलं. हा गृहस्थ दुर्बिणींचे आरसे घासायचा. मागणी अशी: एक गोलीय आरसा, काचेचा, व्यास साठ सेंटिमीटर, नाभीय अंतर अधिक एक पूर्णांक एक दशांश मीटर. खाली वळणदार सही. पत्र पेटीत टाकून येताना त्यांची चाल बदललेली होती. निवृत्तीनंतर प्रथमच विज्ञानाला त्यांची गरज पडली होती.

मग सुरू झाला परवानगीचा अध्याय.

खांब रस्त्याच्या कडेच्या सरकारी पट्टीत येणार, म्हणून गावच्या कौन्सिलची मंजुरी हवी. कौन्सिलच्या खिडकीत टॅमसिन बॉइस बसायची. नीटनेटकी, चष्मेवाली, पेन्सिलीला नेहमी टोक काढलेली. सरांना बघून ती उठून उभी राहिली आणि तिने अकरा पानांचा अर्ज पुढे केला.

त्यात चौदावा प्रश्न होता: या उभारणीमुळे शेजारच्या खाजगी जमिनीत काही येणार आहे का? असल्यास काय, व किती आत?

तुम्ही-आम्ही तिथे "नाही" लिहून मोकळे झालो असतो आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण पिटकिन सरांनी आयुष्यात अर्धवट उत्तर लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं: "होय. रस्त्यावरील वाहनांची सुलट, लहान व आभासी प्रतिमा आरशाच्या मागे सुमारे एक मीटरच्या आत, म्हणजे मिसेस डल्सी ओकेल यांच्या हायड्रेंजियाच्या वाफ्यात तयार होईल."

टॅमसिनने ते दोनदा वाचलं. "सर, मग मिसेस ओकेल यांची लेखी संमती लागेल."

"अगं, आभासी आहे ती! तिथे प्रत्यक्षात काहीच नसतं."

"पण तुम्ही 'होय' लिहिलंय."

"कारण ते बरोबर आहे."

"म्हणूनच संमती लागेल." टॅमसिनने पेन्सिल खाली ठेवली. "सर, दहावीत तुम्ही माझे दोन गुण कापले होतेत. आकृती बरोबर होती, पण प्रतिमा कुठे ते लिहिलं नव्हतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, प्रतिमा कुठे आहे ते सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. तेव्हापासून मी एकही कागद अपुरा सोडलेला नाही."

आपण पेरलेलं इतकं उंच वाढून आपल्याच डोक्यावर पडेल असं कुठल्या शिक्षकाला वाटतं? सर संमतीचा कोरा कागद घेऊन डल्सीबाईंच्या दारात उभे राहिले.

डल्सी ओकेल ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज अजून बंदरावरून बोटीला हाक मारण्याजोगा. सर त्यांच्या मुलाच्या वयाचे, तेव्हा 'सर' वगैरे भानगड नाही. त्यांनी चहा ठेवला, स्कोन नावाच्या गोड पावावर जॅम आणि त्यावर सायीचा डोंगर रचला आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या बायकोची गाडी माझ्या हायड्रेंजियात येणार?"

"गाडी नाही. गाडीची प्रतिमा. आभासी."

"आभासी म्हणजे?"

"म्हणजे ती तिथे नसते."

"नसते, तर परवानगी कशाला मागतोस?"

"कारण ती तिथे आहे असं दिसतं."

"कुणाला? मला?"

"तुम्हाला नाही. रस्त्यावरून आरशात बघणाऱ्याला."

डल्सीबाई विचारात पडल्या. "आणि ती कचऱ्याची लॉरी? तीही येणार?"

"तीही येईल. पण लहान."

"किती लहान? नीट सांग, बर्नार्ड. माझी निळी फुलं त्याच बाजूला आहेत."

सरांनी कागदी रुमालावर गणित मांडलं. लॉरी दहा मीटरवर असेल तर प्रतिमा साधारण दहावा हिस्सा.

"म्हणजे दहा फुटांची लॉरी एक फुटाची." डल्सीबाईंनी हाताने एक फूट दाखवला. तेवढी लॉरी निळ्या फुलांमधून जाताना त्यांना डोळ्यांपुढे दिसली असावी, कारण चेहरा एकदम मऊ झाला. "एक फुटाची चालेल. गोड दिसेल. पण हॉर्न वाजवायचा नाही."

"हॉर्नचा प्रश्नच येत नाही, प्रतिमेला आवाज..."

"तसं कागदावर लिही."

सरांनी लिहिलं. कौन्सिलच्या मंजुरीपत्रात आजही ती अट आहे: प्रतिमा आभासी, सुलट, मिसेस ओकेल यांच्या वाफ्यात, हॉर्न न वाजवता.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मेलबर्नहून लाकडी खोकं आलं. आत जाड काचेचा आरसा, पुढच्या बाजूला पोलादी कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून चिकटवलेला निळा कागद. सोबत चिठ्ठी: "लावून होईपर्यंत कागद काढू नये. बोटांचे ठसे बसतात." सरांना हा माणूस फार आवडला. शिस्तीचा होता.

शनिवारी दुपारी नेव्हिलने खड्डा खणला, खांब रोवला, काँक्रीट ओतलं आणि आरसा वर चढवला. चढवताना तो एकदा म्हणाला, "सर, कागद मधे जरा ढोलाच्या कातड्यासारखा वाटतोय. खाली पोकळ आहे का?" सर म्हणाले, "नेव्हिल, तू बोल्ट बघ." नेव्हिलने बोल्ट बघितला.

उद्घाटन साडेतीन वाजता. साधं काहीतरी करावं, असा सरांचा विचार होता. पण टर्नस्टोन बे गावात शनिवारी दुपारी दुसरं काही नसतं. नेव्हिलने बार्बेक्यूची शेगडी बाहेर ओढून सॉसेजची रास मांडली. डल्सीबाईंनी कुंपणापाशी टेबल लावून स्कोन आणि लिंबाच्या सरबताचा मोठा जग ठेवला. तीसेक माणसं जमली. त्यांतले पंचवीस सरांचे माजी विद्यार्थी. टॅमसिन पाहणीसाठी क्लिपबोर्ड घेऊन आली. ग्लेनिसबाई आपल्या फाटकाच्या भिंतीवर बसल्या होत्या, हाताची घडी घालून. सोमवारी दहा वाजता दलाल येणार होता, आणि ते त्यांनी नवऱ्याला न्याहारीच्या वेळी पुन्हा सांगितलं होतं.

आकाशात ढग होते. सरांनी ठेवणीतली गवताची हॅट घातली, घडीची शिडी आरशासमोर मीटरभर अंतरावर उभी केली आणि वर चढले.

"मित्रहो," ते म्हणाले, "या आरशात तुम्हाला वळणापलीकडचा रस्ता दिसेल. प्रतिमा कशी असेल?"

"चमच्याची पाठ!" नेव्हिल चिमटा उंचावून ओरडला.

"सुलट, लहान आणि आभासी," सरांनी प्रेमाने दुरुस्ती केली, पुढे वाकले, आणि निळ्या कागदाचं टोक धरून तो एका झटक्यात ओढून काढला.

आरशात एक नाक होतं.

प्रचंड नाक. त्यातले केससुद्धा ओळखीचे. त्याच्या वर दोन भोपळ्याएवढे डोळे, हळूहळू आणखी मोठे होत जाणारे. पिटकिन सर आणि ते नाक एकमेकांकडे बघत राहिले. अंतर्वक्र आरसा, वस्तू नाभीच्या आत, प्रतिमा सुलट आणि मोठी. बत्तीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर काढलेली आकृती. सरांच्या पायांखालची शिडी जागेवर होती, बाकी काहीच नव्हतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आम्ही उलटे आहोत."

"मीही! माझे पाय वर आहेत!"

"ए, सगळा रस्ताच उलटा आहे! नेव्हिलचे सॉसेज बघ, वर लटकताहेत!"

आणि मग, पंचवीस माजी विद्यार्थ्यांनी, ज्यांच्याकडून वर्गात एक उत्तर धड आलं नव्हतं, एका सुरात गर्जना केली: "अंतर्वक्र!"

खरं सांगायचं तर बत्तीस वर्षांच्या नोकरीचं याहून मोठं यश नाही. पण सरांना त्या क्षणी ते जाणवलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ते पत्र उभं राहिलं. अधिक एक पूर्णांक एक. ते ज्या पद्धतीने शिकवत आले होते, तीत बहिर्वक्र आरशाचं नाभीय अंतर अधिक लिहितात आणि अंतर्वक्राचं उणे. पण जगात दुसरीही एक पद्धत आहे आणि तीत नेमकं उलट. दोन्ही बरोबर, फक्त आपण कुठली वापरतोय ते सांगावं लागतं. न सांगणाऱ्या पोरांचे सरांनी दरवर्षी गुण कापले होते. आणि स्वतः सांगितलं नव्हतं.

तरी माणसाची अब्रू ही अशी गोष्ट आहे, की ती बुडताना आधी भाषण करते. सर शिडीवर ताठ झाले, आरशाकडे पाठ करून गर्दीकडे वळले आणि म्हणाले, "हे प्रात्यक्षिक मुद्दाम ठेवलेलं आहे."

त्याच वेळी ढग सरकला आणि ऊन पडलं.

मेलबर्नच्या माणसाचं काम चोख होतं, यात शंका नाही. साठ सेंटिमीटर रुंदीचं सगळं ऊन त्या आरशाने गोळा केलं आणि शिस्तीत, एक पूर्णांक एक दशांश मीटरवर, एका नाण्याएवढ्या ठिपक्यात आणून ठेवलं. तिथे सरांची हॅट होती.

"अंतर्वक्र आरसा समांतर किरण," सर सांगत होते, "एका बिंदूत एकवटतो. या बिंदूला नाभी म्हणतात."

लोक डोळे विस्फारून बघत होते. एवढं लक्ष सरांना वर्गात कधी मिळालं नव्हतं. त्यांचा आवाज चढला.

"या नाभीपाशी उष्णता इतकी तीव्र असते..."

"सर," नेव्हिल म्हणाला.

"मधे बोलू नकोस. इतकी तीव्र असते, की गवतासारखा पदार्थ..."

"सर, हॅट!"

"...सहज पेट घेऊ शकतो," सर म्हणाले, आणि त्यांना आपल्याच डोक्यावरून वर जाणारा धूर दिसला.

पुढचं सगळं डल्सीबाईंनी केलं. ऐंशी वर्षांच्या बाईला इतका भरलेला जग इतक्या उंच उडवता येतो हे गावाला त्या दिवशी कळलं. लिंबाचं सरबत, बर्फ आणि पुदिन्याच्या पानांसकट, सरांच्या डोक्यावर कोसळलं. हॅट विझली. सर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसले. कानावर एक पुदिन्याचं पान होतं.

"सर, हलू नका," नेव्हिल म्हणाला, आणि लांब काट्याला सॉसेज टोचून त्याने नेमकं हॅटच्या जागी हवेत धरलं. ते चुरचुरायला लागलं. एका बाजूने काळं झालं. "अरे वा! गॅसच नको!" आता सगळ्यांनाच आपापलं सॉसेज तिथे भाजायचं होतं. सरळ रांग लागली. शिस्त सरांनी लावली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

रांगेच्या बाजूने टॅमसिन पुढे आली. टेप घेऊन, पेन्सिलीला टोक काढून.

"सर, प्रतिमा कुठे आहे?"

सरांनी चष्म्यावरचं सरबत पुसलं. खोटं बोलणं त्यांना कुठल्याच पद्धतीत येत नव्हतं. "आरशाच्या पुढे. सव्वा मीटर."

"म्हणजे रस्त्यावर."

"हो. रस्त्यावर, हवेत."

"वास्तव?"

"वास्तव. आणि उलट."

टॅमसिन लिहीत गेली. "मंजुरी आहे ती आभासी, सुलट आणि मिसेस ओकेल यांच्या वाफ्यातल्या प्रतिमेची. ही वास्तव आहे, उलट आहे आणि सार्वजनिक रस्त्यात सव्वा मीटर आलेली आहे. शिवाय भाजते. सर, मला नोटीस द्यावी लागेल. सात दिवस."

सरांनी मान हलवली. एकही मुद्दा सुटला नव्हता. "पूर्ण बरोबर," ते म्हणाले. "टॅमसिन, ते तुझे दोन गुण... मी द्यायला हवे होते."

टॅमसिनने चष्मा काढला, उगाच पुसला, आणि नोटीस त्यांच्या ओल्या हातात दिली. मग तीही सॉसेजच्या रांगेत गेली.

सरांनी फाटकाकडे पाहिलं. भिंतीवर ग्लेनिसबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या होत्या आणि खांदे हलत होते. ही रडतेय. सोमवारी दलाल येणार, महिन्याभरात आपण बुंदाबर्गला, आणि पावाच्या दुकानात रांगेत शेवटी. ते ठिबकत रस्ता ओलांडून गेले.

"ग्लेनिस, माफ कर. चिन्हाची चूक झाली."

ग्लेनिसबाईंनी हात काढले. त्या हसत होत्या. इतकं, की आवाज फुटत नव्हता. "गवतासारखा पदार्थ," त्या कशाबशा म्हणाल्या, "सहज पेट..." आणि भिंतीवरून घसरून खाली गवतात बसल्या. सरांना आधी अपमान वाटला. मग त्यांनी आठवून पाहिलं, ही अशी गवतात बसून शेवटची कधी हसली होती, आणि त्यांना आठवेना. तेव्हा तेही शेजारी बसले. हसणं त्यांना लगेच जमलं नाही, पण पुदिन्याचं पान काढून त्यांनी तिला दिलं.

नेव्हिलने आरशावर पोतं बांधलं. सरांनी रविवारी मेलबर्नला चार पानी पत्र लिहिलं, त्यात चिन्हपद्धतींचा इतिहास होता. शुक्रवारी उत्तर आलं, एका ओळीचं: "तुम्ही अधिक मागितलंत, आम्ही अधिक दिलं." ते वाचून सर बराच वेळ शेडमध्ये बसून होते. मग उठले, पलीकडे गेले आणि नेव्हिलच्या दारात, बूट पायपुसण्यावर गरजेपेक्षा जास्त घासत, म्हणाले, "नेव्हिल, तो तुझ्या त्या दुकानातला..."

"कुठला, सर?"

सरांनी घसा खाकरला. "फुगीर," ते म्हणाले.

नेव्हिल आत गेला आणि पुठ्ठ्यात गुंडाळलेली एक मोठी तबकडी घेऊन आला. प्लास्टिकची, नारिंगी कड असलेली.

"कधी आणलास?"

"तुम्ही मेलबर्नला पत्र टाकलंत त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

नेव्हिलने मान खाजवली. "तुम्ही शिकवत होतात ना, सर."

वीस मिनिटांत काम झालं. दोन बोल्ट. टॅमसिन आली, प्रतिमा वाफ्यात आहे याची खात्री केली आणि नोटीस रद्द केली. डल्सीबाईंनी वाफ्यात जाऊन आरशाच्या मागे वाकून बघितलं. लॉरी काही दिसली नाही. "आभासी म्हणजे अगदीच आभासी निघाली," त्या जरा हिरमुसून म्हणाल्या.

आणि दलाल? तो सोमवारी ठरल्याप्रमाणे आला होता. ग्लेनिसबाईंनी त्याला चहा दिला, हॅटची गोष्ट सांगितली, जळकं भोक दाखवलं आणि घर न दाखवताच परत पाठवलं. सर तेव्हा शेडमध्ये होते. त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्यांना कळलं ते पुढच्या मंगळवारी. सकाळी ग्लेनिसबाईंनी गाडी काढली, सर शेजारच्या सीटवर. नारिंगी कडेच्या आत वळणावरून एक इवलीशी लॉरी उतरू लागली. बाईंनी ब्रेक दाबला आणि वाट बघितली. बहिर्वक्र आरशात वस्तू असते त्याहून लांब वाटते, म्हणून खरं अंतर काढायचं तर, असं सरांच्या जिभेवर आलं होतं. पण त्या आधीच थांबल्या होत्या. लॉरी घरघरत अंगावरून गेल्यासारखी गेली, आणि चालकाने आरशाकडे बघून आपले केस सारखे केले.

"जमलं की," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "मर्लला सांगायला हवं, शेजारचं घर दुसऱ्या कुणाला देऊ देत."

सरांनी सीटबेल्ट विनाकारण सोडून पुन्हा लावला.

संध्याकाळी बाईंनी बहिणीला फोन लावला. ही त्यांची हॅटची गोष्ट सांगण्याची अकरावी खेप. पहिल्या खेपेला नुसता धूर होता. पाचव्या खेपेपासून ज्वाळा यायला लागल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी सर पेपरामागून दुरुस्त करत: "ज्वाळा नव्हती. धूर. आणि फक्त डावीकडून." आज ज्वाळा डल्सीबाईंच्या छपरापर्यंत पोचली होती, आणि मर्लचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

"थांब, त्यालाच विचार," म्हणून ग्लेनिसबाईंनी फोन नवऱ्यासमोर धरला.

"बर्नी," मर्लचा आवाज आला, "तू शास्त्रज्ञ माणूस. खरं सांग. किती उंच होती ज्वाळा?"

सरांनी पेपर खाली ठेवला. समोर ग्लेनिसबाई ओठ दाबून, डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होत्या. सर काही क्षण मनाशी मोजत राहिले.

"तीन फूट," ते म्हणाले. "उजवीकडून जास्त."